चांदाची चाल आणि भास्कराचार्य

शाबान महिन्याच्या २९ तारखेला मगरिबच्या सुमारास बाभुळगावातल्या गच्च्या भरून जातात. सूर्य बुडाला की सगळ्यांची नजर पश्चिमेकडे लागते. लहान मुले बापाच्या खांद्यावर बसतात, म्हातारी माणसे पुन्हा पुन्हा चष्मा पुसतात, बायका ओढणी सावरत त्या एका बारीक कोरीचा शोध घेत उभ्या असतात. शेजारची हिंदू मंडळीही आपल्या अंगणातून चाँद दिसला का म्हणून विचारतात. दिसला तर उद्यापासून रोजे, नाही दिसला तर शाबानचे ३० दिवस पूर्ण करायचे आणि मग रमजान.

एक दिवस इकडे की तिकडे, हा प्रश्न दरवर्षी का पडतो? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटे लागतात. म्हणून चांद्र महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३० दिवसांचा. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. चंद्र आकाशात एकाच चालीने चालत नाही. कधी तो रेंगाळतो, कधी झपाट्याने पुढे सरकतो. या बदलत्या चालीला गणितात पकडण्याचे काम ज्या थोड्या माणसांनी केले, त्यांतले एक फार मोठे नाव सह्याद्रीच्या पायथ्याचे आहे. ते नाव म्हणजे भास्कराचार्य.

सह्याद्रीच्या कुशीतले घर

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. जुन्या काळच्या विद्वानांच्या जन्मसालांवर बहुधा वाद असतात. इथे तो नाही, कारण आपले जन्मवर्ष त्यांनी आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. गावाचे नावही त्यांनी सांगितले आहे. सह्याद्रीजवळचे विज्जडवीड हे ते गाव. आज ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी कर्नाटकातले विजापूर म्हणतात, कोणी मराठवाड्यातले बीड, तर कोणी जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे बोट दाखवतात. पाटणच्या बाजूने एक भक्कम पुरावा दगडावर कोरलेला आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि पंडित होते. भास्कराचार्यांचे पहिले गुरू तेच. घरात पिढ्यान्‌पिढ्या ग्रहांची गणिते चालत आली होती. पंचांग, ग्रहणे, अधिक महिना, तिथीची सुरुवात आणि शेवट हे सारे हिशेब त्या घरात मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडत. आजच्या भाषेत बोलायचे तर शेतकऱ्याच्या पोराला जसे पाऊसपाणी न शिकवता कळते, तसे त्या घरातल्या पोरांना आकाश कळत असावे.

वयाच्या ३६व्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीमध्ये अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात अव्यक्त संख्यांचे गणित, ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचे हिशेब आणि गोलाध्यायात पृथ्वी व आकाश यांची रचना. सगळा मजकूर श्लोकांत. पण नुसते श्लोक लिहून ते थांबले नाहीत. सिद्धान्त का खरा आहे हे उलगडून सांगणारे भाष्यही त्यांनी स्वतःच लिहिले. शिष्याने पाठ करावे एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. त्याला पटलेही पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

पृथ्वी पडत का नाही?

गोलाध्यायात भास्कराचार्य एक प्रश्न घेतात, जो आजही सातवी-आठवीतले मूल शिक्षकाला विचारते. पृथ्वी गोल आहे आणि आकाशात आहे, तर ती खाली का पडत नाही?

त्या काळी उत्तर म्हणून पृथ्वीखाली कुठला तरी आधार मानण्याची पद्धत होती. भास्कराचार्यांनी त्यावर साधा उलटा सवाल केला. त्या आधाराला आधार कशाचा? त्याच्याखाली आणखी काही मानले, तर त्याच्याही खाली काय? ही साखळी संपणारी नाही. शेवटी कुठेतरी एक वस्तू स्वतःच्या बळावर उभी आहे असे मानावेच लागते. मग ते पहिल्याच पायरीवर, पृथ्वीपाशीच, का मानू नये?

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे, आकाशातल्या जड वस्तूंना ती आपल्याकडे खेचते आणि आपल्याला त्या पडताना दिसतात, असे त्यांनी मांडले. म्हणजे पडणे याचा अर्थ पृथ्वीकडे ओढले जाणे. मग पृथ्वीने स्वतः कुठे पडावे? तिच्या चारी अंगांना आकाश सारखेच आहे. एका बाजूला जाण्याचे कारण दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त नाही.

हा युक्तिवाद समजायला किराणा दुकानातला जुना तराजू आठवावा. दोन्ही पारड्यांत सारखे वजन असले की दांडी आडवी राहते. पारड्यांवर ओढ नाही असे नव्हे. दोन्हीकडे ओढ आहे, पण ती सारखी आहे. भौतिकशास्त्र यालाच संतुलित बल म्हणते. सतरंजीवर ठेवलेल्या इफ्तारच्या ताटाचेही तसेच. पृथ्वी त्याला खाली ओढते, जमीन तेवढ्याच जोराने वर रेटते, म्हणून ताट जागच्या जागी राहते. स्थिर वस्तूवर काहीच बल नसते, ही समजूत चुकीची. बहुतेक वेळा बले असतात, पण ती एकमेकांची वजाबाकी करून टाकतात.

या विचाराचा धागा भास्कराचार्यांच्याही आधीचा आहे. सातव्या शतकात ब्रह्मगुप्तांनी पृथ्वीच्या ओढण्याच्या गुणाबद्दल लिहिले होते. गझनीच्या दरबारातले थोर विद्वान अल् बेरुनी यांनी इसवी सन १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर अरबीत जो ग्रंथ लिहिला, त्यात ब्रह्मगुप्तांचे हे मत नोंदवलेले आहे. म्हणजे भास्कराचार्यांचा जन्म होण्याच्या ८४ वर्षे आधी ही कल्पना संस्कृतातून अरबीत पोहोचली होती.

गोल पृथ्वी आपल्याला सपाट का दिसते, याचेही उत्तर त्यांनी दिले. फार मोठ्या वर्तुळाचा अगदी छोटा तुकडा सरळच वाटतो. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने धरला आहे. एवढ्या पसाऱ्यात माणसाच्या डोळ्यांत मावते ते किती? आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे उलटी लटकत नाहीत का, या शंकेवर त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक जण आपल्या पायाखाली पृथ्वीच पाहतो. इथे आपण जसे उभे, तसेच ते तिथे उभे.

पृथ्वी सतत खाली पडत आहे असे मानणाराही एक पक्ष तेव्हा होता. वर फेकलेला जड पदार्थ पुन्हा जमिनीवर येतो हे डोळ्यांनी दिसत असताना असे कसे म्हणता, असे भास्कराचार्यांनी त्याला विचारले. इथे मात्र आजचा विद्यार्थी त्यांच्या पुढे जाऊ शकतो. पृथ्वी आणि दगड दोघेही एकाच चालीने सरकत असतील, तर दगडाला ते कळणार नाही आणि आपल्यालाही नाही. धावत्या एसटीत वर उडवलेले नाणे पुन्हा हातातच पडते, तसेच. भास्कराचार्यांची पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर होती. खरी पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरते आहे. ओढ कळली होती, फिरणे कळायचे बाकी होते.

क्षणाची चाल

गच्चीवर चाँद शोधणाऱ्या माणसाच्या दृष्टीने सर्वात मोलाचे काम ग्रहगणितात आहे.

चंद्राची रोजची सरासरी चाल भास्कराचार्यांच्या गणितात ७९० कला आणि ३५ विकला आहे. ६० कलांचा एक अंश धरला, तर ही चाल १३ अंशांहून किंचित अधिक भरते. सूर्य त्याच एका दिवसात ५९ कला ८ विकला, म्हणजे जेमतेम एक अंश सरकतो. दोघांमधले अंतर रोज साधारण १२ अंशांनी वाढते. या १२ अंशांनाच पंचांगात एक तिथी म्हणतात. अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून साधारण १२ अंश दूर गेला की संध्याकाळी त्याची कोर दिसू शकते, असा भारतीय ज्योतिषाचा जुना दंडक आहे. हिंदूंची तिथी आणि मुसलमानांचा हिलाल एकाच अंतरावर टिकून आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

पण १३ अंश ही सरासरी झाली. प्रत्यक्षात चंद्राची चाल कधी दिवसाला १२ अंशांच्याही थोडी खाली येते, तर कधी १५ अंशांच्या वर जाते. आज आणि उद्याच्या स्थितींमधला फरक काढून त्याला आजची चाल म्हणणे ही ढोबळ रीत होती. भास्कराचार्यांनी ती ढोबळ असल्याचे स्पष्ट सांगितले आणि चंद्रासाठी तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची चाल, वापरायला हवी असा आग्रह धरला. चंद्र एवढा चपळ की त्याची चाल दिवसभर एकच धरली तर तिथीच्या शेवटाचा हिशेब चुकतो.

यवतमाळहून बाभुळगावमार्गे धामणगावकडे जाणारी एसटी डोळ्यांपुढे आणावी. समजा तिने एका तासात ४० किलोमीटर अंतर कापले. सरासरी वेग ताशी ४०. पण ती बाभुळगावच्या थांब्यावर उभी होती तेव्हा वेग शून्य होता, आणि मोकळ्या रस्त्यावर कदाचित ६० असेल. चालकापुढच्या काट्यावर दिसतो तो त्या क्षणाचा वेग. असा काटा चंद्राला नसतो. तो गणितानेच बसवावा लागतो. भास्कराचार्यांनी तो बसवला. अगदी छोट्या कालावधीत कोनाची ज्या किती बदलते ते त्या कोनाच्या कोज्येवर अवलंबून असते, हा नियम त्यांनी वापरला. पुढे सतराव्या शतकात युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी उभारलेल्या कलनशास्त्राच्या उंबरठ्यावरची ही जागा आहे.

आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी टिपली. सरासरी स्थितीपासूनचा ग्रहाचा फरक जिथे सर्वात मोठा होतो, तिथे त्या फरकाची वाढण्याची चाल शून्य असते. झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसणारे पोर हे अंगाने जाणते. झोका एका टोकाला पोहोचला की क्षणभर थबकतो आणि मग परततो. अंतर सर्वात जास्त, वेग शून्य.

मोती आणि घटिकापात्र

भास्कराचार्य म्हटले की लीलावतीची गोष्ट आठवते. त्यांना लीलावती नावाची मुलगी होती आणि तिच्या नशिबी लग्न नव्हते. वडिलांनी गणित करून एक शुभ घटका शोधली. पाण्याने भरलेल्या भांड्यात घटिकापात्र सोडले. ते बुडेल तो क्षण लग्नाचा. नवरीच्या वेशातली लीलावती कुतूहलाने वाकून पाहू लागली आणि तिच्या अंगावरचा एक मोती निसटून पात्रात पडला. तळाचे भोक बुजले. पात्र बुडलेच नाही आणि मुहूर्त टळून गेला. दुःखी बापाने मुलीच्या नावाने ग्रंथ लिहिला, जेणेकरून तिचे नाव जगात राहावे.

ही गोष्ट भास्कराचार्यांनी स्वतः कुठेही सांगितलेली नाही. ती पहिल्यांदा लिहिलेली सापडते ती फारसीत. बादशहा अकबराच्या आज्ञेवरून त्याच्या दरबारातले कवी फैजी यांनी १५८७ मध्ये लीलावतीचा फारसी अनुवाद केला. त्याच्या प्रस्तावनेत ही कथा आहे. मराठी घरांत आजी नातीला जी गोष्ट सांगते, ती आपल्यापर्यंत आग्र्यात जन्मलेल्या एका फारसी कवीच्या लेखणीतून आली आहे.

गोष्ट खरी असो वा दंतकथा, तिच्यातले भौतिकशास्त्र मात्र चोख आहे. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक भोक असलेला तांब्याचा वाडगा. ते ठरलेल्या वेळात, म्हणजे एका घटकेत, भरून बुडते. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे, आणि अशा ६० घटकांचा एक अहोरात्र. पात्र पाण्यावर तरंगते तेव्हा त्याचे वजन त्याला खाली ओढत असते आणि पाणी त्याला वर उचलत असते. दोन्ही बले सारखी, म्हणून ते तरंगते. बेंबळा प्रकल्पाच्या पाण्यावर नाव तरंगते तीही याच कारणाने. भोकातून पाणी आत येते तसे वजन वाढत जाते, पात्र खाली खाली जाते, आणि पाण्याची उचलण्याची मर्यादा संपली की तोल सुटून ते बुडते. मोत्याने भोक बुजले, म्हणजे वजन वाढायचे थांबले. तोल सुटायचे कारणच उरले नाही. मग ते पात्र मुहूर्तासाठी कशाला बुडेल?

कायम फिरणारे चाक

गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात भास्कराचार्यांनी वेळ आणि आकाश मोजण्याची अनेक साधने वर्णिली आहेत. घटिकापात्र आहे, शंकू आहे, त्यांनी स्वतः घडवलेले फलकयंत्र आहे. त्यातच एक विलक्षण चाक आहे. हलक्या लाकडाचे चाक घ्यायचे, त्याला सारख्या अंतरावर पोकळ, तिरके आरे बसवायचे, आऱ्यांत अर्धा अर्धा पारा भरायचा आणि चाक आसावर ठेवायचे. पारा इकडून तिकडे सरकत राहील आणि चाक आपोआप फिरत राहील, अशी कल्पना. ब्रह्मगुप्तांकडेही अशा चाकाचे वर्णन आहे. पुढे अरबी हस्तलिखितांत आणि तेराव्या शतकात युरोपातही आपोआप फिरणाऱ्या चाकांची चित्रे दिसू लागली.

असे चाक फिरत राहत नाही. खाली येणाऱ्या बाजूला पारा आसापासून दूर जातो हे खरे, पण वर जाणाऱ्या बाजूला पारा असलेले आरे संख्येने अधिक होतात. एका बाजूची फिरवण्याची ओढ दुसरी बाजू फेडून टाकते. तराजूचीच गोष्ट पुन्हा. चाक थोडे हलते, डुलते आणि तोलाच्या जागी येऊन थांबते.

भास्कराचार्यांच्या मोठेपणाची खूण इथेच आहे. हे वर्णन केल्यावर ते सांगून टाकतात की अशी यंत्रे गारुडी विद्येच्या जातीची आहेत, गोलाच्या शास्त्राशी त्यांचा संबंध नाही, आणि आधीच्या आचार्यांनी सांगितली म्हणून आपणही सांगितली. पूर्वजांचा मान राखला, पण त्या चाकाला शास्त्राच्या पंक्तीत बसवले नाही.

मग गती कायम टिकतच नाही का? याचे उत्तर शोधणाऱ्यांत एक नाव रमजानशी जोडलेले आहे. हकीम आणि तत्त्ववेत्ते इब्न सीना हिजरी ४२८ च्या रमजानमध्ये, इसवी सन १०३७ मध्ये, इराणातल्या हमदान इथे वारले. त्यांच्या मते फेकलेल्या वस्तूला फेकणाऱ्याकडून एक झुकाव मिळतो, आणि बाहेरच्या अडथळ्याने खर्च होईपर्यंत तो टिकतो. अडथळाच नसेल, पूर्ण पोकळी असेल, तर वस्तू थांबणारच नाही. गंमत अशी की ही गोष्ट त्यांना अशक्य वाटली, आणि म्हणून पोकळीच असू शकत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे गॅलिलिओ आणि १६८७ मध्ये न्यूटन यांनी तीच गोष्ट नियम म्हणून स्वीकारली. बाहेरून बल लागले नाही, तर थांबलेली वस्तू थांबलेली राहते आणि चालणारी सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते. वस्तूच्या या हट्टाला जडत्व म्हणतात.

ईदच्या आधीच्या रात्री शिंप्याच्या दुकानात हा नियम कामाला लागलेला असतो. पायटा थांबला तरी मशीनचे चाक दोन-चार फेरे घेते, ते जडत्वाने. मग थांबते, ते आसाच्या घर्षणाने. एसटीने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, कारण गाडी थांबली तरी अंग अजून चालतेच आहे. जडत्व गती टिकवते, फुकट काम देत नाही. पाऱ्याच्या चाकाची चूक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आहे.

आणि चंद्र? त्याच्या वाटेत हवा नाही, आसाचे घर्षण नाही. आडवी गती तो जडत्वाने टिकवतो आणि पृथ्वीची ओढ त्याला दर सेकंदाला सरळ वाटेपासून दीड मिलिमीटरही नाही एवढा आत वळवते. सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर तो सतत पडतो आहे आणि सतत चुकतो आहे. भास्कराचार्यांनी ओळखलेली ओढ आणि इब्न सीनांना अशक्य वाटलेली न थांबणारी गती या दोन्ही चंद्राच्या ठायी एकत्र नांदतात.

घाण्यामागे पळीभर तेल

११८३ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, भास्कराचार्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. त्यात पंचांगकर्त्याला रोजच्या कामासाठी सोप्या रीती दिल्या आहेत. तरुणपणी सिद्धान्त उभारणाऱ्या माणसाने उतारवयात सामान्य गणकाचे कष्ट हलके केले.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यालाही वडिलांची विद्या मिळाली. देवगिरीच्या यादव घराण्यातल्या जैत्रपाल राजाने त्याला आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने पाटण इथे मठ काढला. मठात आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत, हा त्याचा हेतू. १२०७ मध्ये यादवांचा मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने या मठाला दान दिले. त्याचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लक्ष्मीधराला राजाने याच नगरातून नेले असे त्यात म्हटले आहे. पाटणच्या बाजूचा भक्कम पुरावा तो हाच.

शिलालेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. राजांची आणि पंडितांची स्तुती संस्कृतात, आणि बाजाराचा हिशेब बाजाराच्या भाषेत. मालाच्या विक्रीतून मठाला काय द्यायचे ते तिथे ठरवून दिले आहे. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल हाही त्यातलाच एक वाटा. चंद्राची क्षणाक्षणाची चाल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यात पाटणच्या तेल्याचे तेल जळत होते. सदका-ए-जारिया म्हणजे देणाऱ्याच्या पश्चातही चालू राहणारे दान. इस्लामी परंपरेत विद्येसाठी केलेली सोय या दानात मोजतात. पाटणच्या तेल्याला तो शब्द ठाऊक नसेल, पण त्याचे दान त्याच जातीचे होते.

फारसीतून जगाकडे

लीलावती फारसीत नेणारे फैजी पुढे प्रत्यक्ष या मुलखात आले. १५९१ मध्ये अकबराने त्यांना वकील म्हणून खानदेशात आणि अहमदनगरच्या निजामशाहीत पाठवले. ज्यांच्या ग्रंथावर चार वर्षांपूर्वी त्यांनी मेहनत घेतली, त्या गणितीचा हा प्रदेश.

भास्कराचार्यांच्या बीजगणिताचा फारसी अनुवाद शहाजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी केला. ताजमहालाचे वास्तुकार म्हणून ओळखले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे हे पुत्र. पुढे याच अताउल्लांनी दख्खनमध्ये येऊन बीबी का मकबरा बांधला. छत्रपती संभाजीनगरातल्या त्या वास्तूच्या दरवाज्यावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन कारागिरांची नावे आहेत. मकबऱ्याचे मिनार पाहायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असते की त्यांच्या शिल्पकाराने भास्कराचार्यांचे समीकरण फारसीत समजावून सांगितले होते?

इंग्रजांनाही बीजगणित आधी फारसीतूनच भेटले. एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये फारसी प्रतीवरून इंग्रजी भाषांतर छापले. मूळ संस्कृतावरून कोलब्रुक यांचे भाषांतर १८१७ मध्ये आले. १९७९ आणि १९८१ मध्ये भारताने भास्कर नावाचे दोन उपग्रह आकाशात सोडले. चंद्राप्रमाणे तेही पृथ्वीच्या ओढीत आणि स्वतःच्या जडत्वात फिरले.

पाटणचा मठ आज नाही. पाटणादेवीच्या परिसरात जंगल आहे, डोंगर आहेत आणि तो शिलालेख आहे. मठाची विद्या मात्र वाचली. संस्कृतात वाचली, फारसीत वाचली, दोन धर्मांच्या माणसांनी तिची नक्कल करून ठेवली म्हणून वाचली.

या रमजानच्या २९व्या संध्याकाळी बाभुळगावच्या गच्च्या पुन्हा भरतील, या वेळी शव्वालच्या चांदासाठी. मशिदीत आणि पंचांगात दोन्हीकडे त्याच कोरीची वाट पाहिली जाईल. इफ्तारची खजूर तोंडात टाकून एखादे पोर वर धावेल आणि बोट दाखवून ओरडेल. त्या क्षणी चंद्र सूर्यापासून किती अंश दूर आहे आणि किती वेगाने चालला आहे, याचा हिशेब सह्याद्रीच्या एका माणसाने ८७० हून अधिक वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.